लाल अक्षरांतली पाच नावं

सामचॉनपो बंदरावरच्या वृद्ध कल्याण केंद्रात, दुसऱ्या मजल्यावर, हाम मिरान म्हाताऱ्या माणसांना कॉम्प्युटर शिकवायची. नवखा माणूस त्या वर्गात शिरला की त्याला आपण चुकून रंगाच्या दुकानात आलो असं वाटायचं. एकाही स्क्रीनचा रंग शेजारच्या स्क्रीनशी जुळत नसे. प्यो बाबांच्या स्क्रीनवर त्यांनी कधीच विकून टाकलेली गाय उभी असायची आणि माउसचा बाण इतका दांडगा, की तो गायीला टोचेल की काय अशी धास्ती वाटावी. पहिल्या रांगेतल्या एका आईंनी सगळं जांभळं करून घेतलं होतं, कारण नवऱ्याने जन्मभर त्यांना जांभळं काही अंगाला लावू दिलं नव्हतं. नवरा गेला आणि बाईंनी स्क्रीनवरच्या खिडक्यांच्या कडांपासून तळपट्टीपर्यंत सूड उगवला.

वर्गातली प्रत्येक बाई मिरानची ‘आई’ आणि प्रत्येक पुरुष ‘बाबा’. अशा केंद्रांतून तशीच रीत आहे. ती स्वतः पन्नाशी ओलांडलेली, केस आखूड कापलेले, चष्मा गळ्यात दोरीला लटकलेला. बाकीचे मास्तर आधी बटणं शिकवतात. मिरान आधी रंग शिकवायची. कुणी विचारलं तर म्हणायची, “भाड्याच्या खोलीत राहायला गेलं तरी माणूस आधी भिंतीचा कागद बदलतो ना? मग हे तर तुमचं रोजचं घर. दुसऱ्याच्या निळ्या भिंतीत का बसायचं?”

ही हौस तिला बापाकडून आली होती. बाप मासान शहरात दुकानांच्या पाट्या रंगवायचा. मिरान शाळेतून आली की डबे ढवळायला बसायची. पुढे छापील पाट्या आल्या, बापाचे ब्रश वाळले, आणि मिरानही लग्न होऊन सामचॉनपोला आली. नवरा दोन-चार वर्षांत दुसरीकडे रमला. त्याबद्दल ती फार बोलत नसे. केंद्रातली नोकरी कराराची, आणि करार दर हिवाळ्यात नव्याने व्हायचा. त्यामुळे पानं पिवळी पडायला लागली की मिरानच्या पोटात गोळा यायचा, आणि गोळा आला की तिच्या हातून नको ते उद्योग व्हायचे. ही सगळी गोष्ट त्या गोळ्यातूनच निघाली.

चो मालसून आई तिच्या वर्गात आल्या तेव्हा ऐंशीला टेकल्या होत्या. जन्मभर त्यांनी बंदरावरच्या कारखान्यात चपटे मासे साखर-मीठ लावून वाळवले होते. बोटांची टोकं इतकी राठ झाली होती, की फोनच्या काचेला ती बोटंच वाटत नसत, फोन ढिम्म हलायचा नाही. म्हणून त्या कॉम्प्युटरकडे वळल्या. कीबोर्डला बोट राठ असलं तरी चालतं. पहिले काही दिवस त्या एकेका अक्षरावर अशा झडप घालायच्या, की जणू ते पळून जाणार आहे. पण बाई चिकट. हिवाळा संपला, वसंत गेला, आणि त्यांनी स्वतःच्या हाताने पाच फोल्डर तयार केले. पाच पोरांच्या नावांचे. तीन मुलगे, दोन मुली. प्रत्येकाच्या फोल्डरमध्ये त्याचे त्याचे फोटो.

“एकाचे फोटो फारच कमी आहेत, आई,” मिरान एकदा सहज म्हणाली होती. चौथं नाव मानसोकचं होतं. त्याच्या फोल्डरमध्ये एकच फोटो, तोही जुन्या कागदी फोटोवरून घेतलेला. दात काढून हसणारा एक पोरगा.

“तो लांब आहे. जहाजावर,” मालसून आई म्हणाल्या. “बाकीचे जवळ आहेत म्हणून डोकं खातात. हा बिचारा त्रास देत नाही.”

मिरान हसली आणि पुढच्या कॉम्प्युटरकडे गेली. बंदरातल्या जुन्या माणसांना त्या वाक्यामागचं सगळं माहीत होतं. मिरान मासानची. तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि तिनेही कधी विचारलं नव्हतं.

त्या वर्षी पानं पिवळी पडायला लागली आणि संचालक सिम यांनी तिला खोलीत बोलावलं. हा माणूस वाईट नव्हता, फक्त वरच्या साहेबांना घाबरायचा. “बाई, वार्षिक प्रदर्शनाला यंदा शहर कचेरीतून माणसं येणार आहेत,” ते म्हणाले. “गेल्या वर्षी तुमचे स्क्रीन जरा... शेतकी मेळाव्यासारखे दिसले. गाय काय, कोबी काय! यंदा जरा देखणं होऊ द्या. कराराचे कागदही त्याच सुमारास वर जायचेत.”

मिरानला शेवटचं वाक्य तेवढं ऐकू आलं. प्रदर्शनाच्या आदल्या दुपारी वर्ग रिकामा झाल्यावर ती एकेक स्क्रीन सजवायला बसली. एरवी ती माणसाला शेजारी बसवून, दहा रंग दाखवून, त्याच्या तोंडून ‘हां, हाच’ निघेपर्यंत थांबायची. त्या दुपारी तिने कुणालाच विचारलं नाही. प्यो बाबांची गाय धुक्यात नेली. जांभळ्या आईंना सोनेरी कडा दिल्या. मालसून आईंची पाळी आली तेव्हा तिला आठवलं, की त्यांच्या डोळ्यांना पांढरा उजेड टोचतो. “अंधार करा हो बाई,” म्हणून त्या नेहमी कुरकुरायच्या. म्हणून तिने मागचं सगळं काळं केलं. मग अक्षरांना रंग द्यायचा म्हणून रंगांची पेटी उघडली. काळ्यावर पिवळं तिला रस्त्यावरच्या धोक्याच्या पाटीसारखं वाटलं. निळं बुडून गेलं. मग तिने लाल लावून बघितलं, आणि तिचा जीव सुखावला. जुन्या लाखेच्या कपाटासारखं देखणं दिसत होतं ते. रंग निवडायच्या त्या चौकोनात नमुन्याची अक्षरं दिसतात, ‘मजकूर’, ‘दुवा’ असली. मिरान त्या नमुन्याकडे बघत होती. बटण दाबलं, स्क्रीन एकदा मिटून उघडला, आणि ती पुढच्या खुर्चीकडे सरकली.

आता हे सांगायलाच हवं, की आमच्याकडे, सामचॉनपो-मासानच्या बाजूला, जिवंत माणसाचं नाव लाल अक्षरात लिहीत नाहीत. लाल नाव मेलेल्याचं. हे शाळेतल्या पोराला कळतं. लाल पेन हातात आलं तर पोर स्वतःचं नाव सोडून बाकी काहीही लिहील. आणि मिरान तर पाटीवाल्याची लेक. तिचा बाप खाटकाची अख्खी पाटी लाल रंगवायचा, पण खाली मालकाचं नाव आलं की ब्रश धुऊन काळ्याच्या डब्यात बुडवायचा. एका गिऱ्हाइकाने हट्ट धरला तेव्हा बापाने अर्धी रंगवलेली पाटी त्याच्या हातात दिली होती. हे सगळं मिरानला ठाऊक होतं. हातात ब्रश असता तर पहिल्याच नावाला हात थांबला असता. पण तिने नावं लिहिलीच नव्हती. तिने फक्त एक रंग निवडला होता, आणि पाचही नावं तिच्या पाठीमागे एकदम लाल झाली.

दुसऱ्या दिवशी खाली तांदळाच्या वड्यांची ताटं लागली, वर माणसं जमली. शहर कचेरीतली दोन माणसं आली, त्यांनी ‘वा, वा’ केलं, आणि संचालक सिम यांचा चेहरा खुलला. मालसून आई थोरल्या सुनेबरोबर आल्या. अंगात ठेवणीतलं फिकट जांभळं जॅकेट, ओठांना जरा रंगही लावलेला. शिकलेलं सुनेला दाखवायचं होतं ना! सुनेचा हात धरून त्या आपल्या खुर्चीपाशी आल्या आणि थांबल्या.

शेजारून प्यो बाबांनी मान लांब केली. त्यांना तोंड आवरणं जन्मात जमलं नव्हतं. “अरे देवा! बाई, हे काय केलंत? पाचही जणांना एकदमच पोचवलंत की!”

कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. मिरानने वळून पाहिलं. पाच नावं, ठसठशीत, काळ्यावर लाल. माउस धरायला ती पुढे झाली, पण मालसून आई मध्ये होत्या. त्यांनी नाक स्क्रीनला लागेल इतकं वाकून पाहिलं. पहिल्या तीन नावांवरून त्यांची नजर नुसती घसरत गेली. चौथ्या नावावर त्यांनी बोट ठेवलं, ते राठ बोट, आणि तिथेच ठेवलं.

“बाई,” त्या अगदी हळू म्हणाल्या, “तुम्हाला कुणी सांगितलं?”

“काय, आई? मला कुणी काही सांगितलं नाही. चूक झाली, आई, थांबा, मी आत्ता...”

मालसून आईंनी पुढचं ऐकलं नाही. त्यांनी कॉम्प्युटर बंद केला. मिरानने शिकवला होता तसाच, एकेक पायरी करून, मध्येच बटण न दाबता. मग सुनेच्या दंडाला धरून त्या बाहेर पडल्या.

मिरान मागे धावली. जिन्यापाशी सून थांबली, सासूला बाकावर बसवून चार पावलं मागे आली. “बाई, तुम्ही मुद्दाम नाही केलंत, मला कळतंय,” ती म्हणाली. “पण मानसोक भावजी गेलेत. म्हणजे... गेलेच असणार. स्क्विडच्या बोटीवर होते, ती बोट परत आलीच नाही. माझं लग्न व्हायच्या आधीची गोष्ट. सासूबाईंनी आजपर्यंत त्यांचं वर्षश्राद्ध घालू दिलेलं नाही. घरात कुणी विषय काढला की म्हणतात, मेलेल्याला पान वाढतात, हा तर जेवायला यायचाय.”



त्याच दुपारी तिने वर जाऊन लाल रंग काढला. अक्षरं पांढरी केली. पण बघितलेलं कुणी पुसतं का? प्रदर्शनाला बक्षीस मिळालं. काही दिवसांनी करारही नवा झाला. संचालक सिम यांनी कागद हातात देत म्हटलं, “त्या आजींचं मनावर घेऊ नका. जुन्या काळची माणसं, राग लोणच्यासारखा मुरवतात. येतील आपोआप.” कागदावर सही करताना मिरानला आपण चोरी करतोय असं वाटलं. याच सहीसाठी तिने ती दुपार न विचारता घालवली होती. सही मिळाली, आणि एका बाईने इतकी वर्षं दोन्ही हातांनी धरून ठेवलेलं काहीतरी त्यापायी सुटलं. असा सौदा तिने उघड्या डोळ्यांनी कधी केला नसता, पण केला होता खरा.

मालसून आई येईनाशा झाल्या. त्यांची खुर्ची रिकामी राहायला लागली. मिरानचा रंगांवरून जीव उडाला. कुणी म्हटलं, “बाई, मला यंदा हिरवं करून द्या,” तर ती म्हणायची, “आहे ते बरं आहे, आई. डोळ्यांना चांगलं असतं.” नव्या आलेल्या माणसांना तिने कंपनीतून येतो तोच निळा डेस्कटॉप ठेवायला लावला. जांभळ्या आई तिला तोंडावर म्हणाल्या, “बाई, तुम्ही आमच्या ह्यांच्यासारखं बोलायला लागलात!” सगळे हसले. मिरानला हसू आलं नाही. रात्री जेवायला बसली की घास तोंडात फिरायचा. ती स्वतःला समजवायची, की मी नाव लिहिलं नाही, मला माहीत नव्हतं, मशीनने केलं. मग तिला बापाचा हात आठवायचा, ब्रश धुणारा, आणि ही सगळी समजूत खोटी ठरायची. माहीत नव्हतं, कारण विचारलं नव्हतं. एकच फोटो असलेल्या पोराबद्दल आईला काहीतरी विचारावं, इतकंही तिला सुचलं नव्हतं.

शेवटी एका रविवारी ती सोयाच्या दुधाचा खोका काखेत मारून टेकडीवरच्या वस्तीत गेली. मालसून आई अंगणात छोट्या शेगडीवर वाळलेले मासे भाजत बसल्या होत्या. मिरानने खोका खाली ठेवला आणि तिथेच गुडघे टेकून कपाळ जमिनीला लावलं.

“ऊठ, ऊठ! फरशी गार आहे,” मालसून आई ओरडल्या. वर्गात त्या तिला नेहमी अहो-जाहो करायच्या. इथे घरात तोंडातून सरळ ‘तू’ निघालं. “मी काय मेलेय, एवढं वाकायला?”

“आई, मला माफ करा. मी बघितलंच नाही. मी नुसता रंग बघत होते.”

“ते कळलं गं मला. दुसऱ्या दिवशी कळलं.” त्यांनी मासा उलटा केला. “आधी नव्हतं कळलं. मला वाटलं, कुठून तरी बातमी आली. कॉम्प्युटरला सगळं कळतं म्हणतात ना? म्हटलं, बंदराच्या कचेरीत काहीतरी सापडलं असेल, आणि ते आधी तुमच्या केंद्रात पोचलं. म्हणून विचारलं तुला, कुणी सांगितलं म्हणून.”

मिरानच्या डोळ्यांतून नुसतं पाणी वाहायला लागलं.

“रडतेस काय? मी नाही रडले. घरी आले, भात खाल्ला, आणि झोपले. तुला खरं सांगू? इतक्या वर्षांत अशी झोप लागली नव्हती. दार वाजलं तर ऐकू यावं म्हणून मी एका कानाने जागी असायची. त्या रात्री दोन्ही कान झोपले.” मालसून आईंनी मासा फाडून अर्धा तिच्या हातात दिला. “खा. गरम आहे तोवर मऊ असतो.”

मिरानने तो तोंडात घातला. तिला कशाचीच चव कळली नाही.

“मला एक विचारायचं होतं तुला,” मालसून आई म्हणाल्या. “म्हणूनच येत नव्हते वर्गात. लोकांसमोर कसं विचारणार? त्या एकट्याचं नाव लाल करता येईल का? चौथं तेवढंच. बाकीचे चौघे पांढरेच राहू देत, त्यांना आयुष्य पडलंय. मला ते एकदा नीट, शांतपणे बघायचंय. मग थोरल्याला सांगेन, की पान वाढ म्हणून.”

अक्षरांचा रंग बदलला की सगळ्याच फोल्डरांचा बदलतो, एकट्याचा बदलत नाही, हे खरं होतं. पण मिरानला दुसरी वाट ठाऊक होती. फोल्डरच्या चित्राच्या जागी आपलं चित्र लावता येतं. मानसोकचं नाव लाल रंगात काढायचं, ते चित्र म्हणून चिकटवायचं, खालचं पांढरं नाव काढून टाकायचं. तासाभराचं काम. ती ते डोळे मिटून करू शकली असती. तिला ते नाव आपल्या हाताने निघताना दिसलं. पहिली रेघ, दुसरी रेघ, लाल. या वेळी हात तिचाच असणार होता, डोळे उघडे असणार होते, आणि मशीनवर ढकलायला काही राहणार नव्हतं.

“नाही होत, आई,” ती म्हणाली. “सगळे लाल होतात, नाहीतर सगळे पांढरे.”

शेगडीत पेटलेलं माशाचं टोक मालसून आईंनी चिमटीने विझवलं. मग म्हणाल्या, “मग राहू दे बाई. एकासाठी चौघांना कशाला पोचवायचं? म्हणजे अजून तो यायचाच आहे म्हणायचा.” आणि उरलेले मासे कागदात बांधून त्यांनी मिरानच्या हातात दिले.

मालसून आई पुन्हा वर्गात यायला लागल्या. नव्याने माउस धरायला शिकल्या, कारण मधल्या काळात विसरल्या होत्या. प्यो बाबांनी त्यांना बसायला आपली उशी दिली आणि आपल्या तोंडाबद्दल एका शब्दाने माफी मागितली. त्यांच्या मानाने ते पुष्कळच होतं. सगळं पूर्वीसारखं झालं असं वर्गाला वाटलं. मिरानला नाही वाटलं. काळ्या स्क्रीनवरची ती पाच पांढरी नावं दिसली की तिची नजर चौथ्यावर जायची. पहिल्यांदा न विचारता त्याला मारलं, आणि आता आईने तोंडाने विचारलं तरी त्याला मरू देत नाही. दोन्ही वेळा त्या म्हातारीचा जीव टांगणीला लावून. आपण तिच्या काळजीपोटी खोटं बोललो की स्वतःच्या भीतीपोटी, हे तिने स्वतःला पुष्कळदा विचारलं, आणि उत्तर तिला ठाऊक होतं.

मालसून आई अधूनमधून, निघायच्या वेळी, सहज विचारतात तसं विचारायच्या, “काय बाई, ते एकट्याचं जमतंय का आता? रोज नवीन काहीतरी निघतं म्हणतात.”

“अजून नाही, आई.”

“बरं.”

परवाही त्यांनी तसंच विचारलं. मिरानने तसंच उत्तर दिलं. मालसून आईंनी कोट चढवला, बटणं लावली, आणि दाराशी जाऊन थांबल्या.

“जरा लवकर शिका, बाई,” त्या म्हणाल्या. “मी नाही म्हणत राहिले म्हणून थोरला आजवर थांबलाय. मी हो म्हणायच्या आधीच गेले, तर मानसोकला पान वाढायला कुणाचा हात धजणार नाही. माझ्यामागे तो पोरगा उपाशी राहील.”

“शिकते, आई,” मिरान म्हणाली. तिला ते पहिल्या दिवसापासून येत होतं.